घट

अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्था गुंडाळणारी अधिकारी, म्हणून माझ्याकडे आलेल्या संस्थांमध्ये ही सगळ्यात लहान. उमरेडच्या अलीकडचं, छोट्या लाईनवरचं गाव. नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात. दूध संस्था बंद पडून बरीच वर्षं झालेली. सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली ती गुंडाळायचा आदेश निघाला आणि कलम १०३ खाली माझी नेमणूक झाली. दप्तर ताब्यात घ्यायचं, येणं वसूल करायचं, देणं भागवायचं आणि अहवाल देऊन मोकळं व्हायचं. येणं एकच होतं. ताळेबंदात वर्षानुवर्षं पुढे ओढत आणलेली ओळ : ‘दूध घटीपोटी सचिवाकडून येणे’. रक्कम अशी, की माझ्या दोन-चार फेऱ्यांच्या डिझेलात संपावी.

मार्च अखेर होती. नागपूरहून सकाळी निघाले तरी पोचेपर्यंत ऊन चटकायला लागलं होतं. इतवारीहून नागभीडला जाणारी अडीच फुटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. रूळ उचललेले, मोठ्या लाईनच्या भरावाची माती रस्ताभर उडत होती. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात, १९०८ मध्ये, ही लाईन सुरू झाली. शंभरावर किलोमीटरला चार तासांच्या वर घेणारी गाडी. माझ्या माहेरची माणसं तिला गाडी म्हणतच नसत, ‘छोटी’ म्हणत. छोटी आली, छोटी गेली.

संस्थेची खोली स्टेशनाला लागूनच. माजी सचिव कुलूप काढून ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, खांद्यावर दुपट्टा.

“या मॅडम. मी चोर आहो, असंच लिवून असन नं त्या कागदात?”

मी म्हटलं, “काकाजी, आधी दप्तर तर बघू द्या.”

दप्तर मात्र बघण्यासारखं होतं. एरवी बंद संस्थेत उंदरांनी खाल्लेले गठ्ठे मिळतात. इथं प्रत्येक वर्षाची वही फडक्यात बांधलेली, वर चिठ्ठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासूनची रोजची आवक, रोजची जावक. शेऱ्याच्या रकान्यात तर सगळं गाव होतं. ‘छोटीची शिट्टी झाली, संकलन बंद.’ ‘पोळा, दूध निम्मे.’ ‘कॅनवर बारदान ओले केले नाही, दोन कॅन नासले.’ मधल्या स्टेशनावरून शिट्टी ऐकू आली की माप थांबायचं, कॅनची झाकणं सुतळीनं आवळायची आणि सहा-सात कॅन ब्रेकव्हॅनमध्ये चढवायचे. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे कॅन परत. बर्फ नाही, कूलर नाही.

“त्याच्या आधी का करे गाव?” मी विचारलं. त्यांच्यासोबत बोलताना माझी जीभही वळत होती.

“खवा. आमचा आजा भट्टी लावे. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा. दूध नासते, खवा दोन दिस तग धरते. डोक्यावर टोपली घेऊन उमरेडच्या बाजारात. जंगल जाळून जाळून खवा केला आमी. छोटीनं दूध दूधच राहू देलं.”

मग काकाजी म्हशींवर आले. जुन्या नागपुरी म्हशी, तलवारीसारखी मागे वळलेली लांब शिंगं, दूध कमी पण उन्हाला दबत नसत. पुढं कर्जावर हरियाणाकडच्या मुऱ्हा आल्या, बादली भरून दूध देणाऱ्या. त्यांना मे महिन्यात डोबीत बसवायला डोबीत पाणी लागतं, हे कर्ज देणाऱ्याच्या ध्यानात नव्हतं. संस्था बुडाली ती मात्र म्हशींमुळे नाही, असं ते म्हणाले. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावर नाइलाजानं खातं. वैरण विकत घेऊन दूध परवडेना. छोटी बंद व्हायच्या कितीतरी आधीच कॅन रस्त्यानं जायला लागले होते, पण गावात कोणालाही विचारा, छोटी गेली म्हणून दूध गेलं, असंच सांगतील.

दुपारी मी घटीकडे वळले. लेखापरीक्षकाचा शेरा दरवर्षी तोच, शब्दही तेच : ‘आवक व जावक यात तफावत, घट सचिवाकडून वसूल करावी.’ मी सहज कॅल्क्युलेटर घेऊन एक पान तपासायला लागले. आवक २१६, जावक २१०, घट ६. दुसऱ्या दिवशी ३०९, ३००, घट ९. पुढं १८०, १७५, घट ५. दहा पानं उलटली. वेगळी वही घेतली. दूध सांडतं तेव्हा असं हिशेबानं सांडत नाही, आणि चोरणारा माणूस इतका शिस्तीचा नसतो. शेकड्याला तीन, पाऊस असो की ऊन. सणाच्या दिवशी निम्मं दूध, तर घटही निम्मी.

रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘दूध’ लिहिलेलं. आकडा कशाचा, ते कुठंच नाही.

“काकाजी, दूध मापानं घेत होते का?”

“मापानं घेतलं का फेस मोजल्या जाते. बाया भांडत. मंग समितीनं काटा आनला.” कोपऱ्यात तो काटा होताच, तबकडीवर धूळ.

म्हणजे आवक किलोत. नागपूरच्या डेअरीच्या पोचपावत्या मात्र लिटरच्या, गठ्ठाभर. एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडं जड असतं, हे मी कधीतरी प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं.

समोरच्या खासगी संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा होता. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायची वाट पाहिली. पोरानं आधी नाही म्हटलं, मग गंमत म्हणून तयार झाला. रिकामी बादली काट्यावर ठेवून शून्य केलं. लिटरचं माप दहा वेळा भरलं. प्रत्येक वेळी फेस बसू दिला, वरचं बोटानं निपटलं. दहाव्या मापाला काट्यावर आकडा आला १०.३१. पोरगा म्हणाला, “मॅडम, दूध चांगलं हाय, पानी नाही.” त्याला वाटलं मी त्याचीच तपासणी करतेय.

शंभर किलो दुधाचे सत्त्याण्णव लिटर होतात. सभासदांना किलोवर लिटरचा भाव दिला जात होता आणि डेअरी लिटरचे पैसे देत होती. संस्थेचं नुकसान खरंच होत होतं. ते पैसे सगळे रोज सकाळी सभासदांच्याच पदरात पडत होते. ज्यांनी या माणसाला पुढं चौकात तोंडावर चोर म्हटलं, त्यांच्याच. मला त्यांचा राग आला नाही, शेरा लिहिणाऱ्याचा आला. वर्षानुवर्षं एकानं दुसऱ्याचा शेरा उतरवला आणि खोलीतला काटा कोणी पाहिला नाही. मीही सकाळी पाहिला नव्हताच.

मी काकाजींना समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मग वही ओढून घेतली. “मंग इथं ‘किलो’ लिवून द्या. तुमच्या सहीनं.”

“जुन्या दप्तरात मला अक्षर घालता येत नाही. अहवालात लिहिते, सविस्तर.”

“अहवाल गावात कोन वाचते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पंचनामा उरला होता, तो सुरू केला. काटा एक. लॅक्टोमीटर एक, फुटलेला. फॅट काढायच्या काचनळ्या अठरा. खुर्च्या दोन. चाळीस लिटरचे कॅन, डेडस्टॉकच्या म्हणजे सामानाच्या नोंदवहीत बारा. मोजले तर अकरा. पुन्हा मोजले. काकाजी भिंतीकडे बघत होते.

मग उठले, काही न बोलता घराकडे गेले. दहा मिनिटांनी नातू सायकलच्या कॅरिअरला बांधून बारावा कॅन घेऊन आला. झाकण उघडलं तर आत गळ्यापर्यंत गहू.

“कीड नाही लागत त्यात,” काकाजी म्हणाले. “लिवा, हा बी लिवा.”

मी लिहिलं : कॅन, नग १२, सुस्थितीत. गहू पोत्यात काढून द्यायला नातवाला अर्धा तास लागला.