साबण कपाटात, किल्ली खिशात: आमची वाटचाल

आम्ही दोघांनी ही फर्म काढली तेव्हा भांडवल म्हणजे एक प्रोजेक्टर आणि जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं. हॉटेलच्या भटारखान्यात जायचं, कामगारांना दोन तास शिकवायचं, परीक्षा घ्यायची, प्रमाणपत्र द्यायचं. भिंतीवर फ्रेम लागली की मालक खूश, बिल निघालं की आम्ही खूश. पहिल्या स्लाइडवर मोठाले आकडे: दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात, ४ लाख २० हजार दगावतात; २०१५ साली जाहीर झालेला अंदाज. सर्वांत जास्त भार आफ्रिका आणि आग्नेय आशियावर. पोरं माना डोलवायची.

एकदा विसरलेला चार्जर आणायला तासाभराने परत गेलो. परीक्षेत पहिला आलेला मुलगा कच्चं मांस कापत होता. सुरी ठेवली, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि सॅलड चिरायला घेतलं. मी नुसता बघत राहिलो. त्याने हनुवटीनेच बेसिन दाखवलं. त्यात काठोकाठ भांडी भिजत पडलेली. "आणि साबण?" "मालकांच्या कपाटात. चोरीला जातो म्हणून."

किल्ली अर्थातच मालकांच्या खिशात.

त्या दिवशी आमचा धंदा बदलला, असं म्हणायला हरकत नाही. त्या मुलाला सगळं ठाऊक होतं. आमची उत्तरपत्रिका त्याच्या ज्ञानाची होती, भटारखान्याची नव्हती. (विकसनशील देशांतल्या कामगारांची पाहणी करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांतही हेच दिसतं, ज्ञान बरं आणि आचरण कमी. पण ते आम्ही वाचलं नंतर.)

मग प्लंबर हा आमचा तिसरा भागीदार झाला, गमतीने म्हणायचं तर. चिरायच्या ओट्याजवळ फक्त हातांसाठी वेगळं बेसिन, पायाने चालणारा नळ, भिंतीला पक्का बसवलेला साबणाचा डबा. खांद्यावरचं फडकं बंद, त्याजागी हात पुसायला कागद. निम्म्या मालकांनी पहिल्याच भेटीत आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरा धडा महागात पडला. एका ठिकाणी रात्री उरलेला रस्सा मोठ्या पातेल्यात झाकून तसाच ओट्यावर ठेवायचे. सकाळी कडेने गार लागला, मध्ये थर्मामीटर खुपसला तर ३८ अंश. जंतूंना याहून आवडती जागा नाही. धोक्याचा पट्टा ५ ते ६० अंशांचा. आचारी म्हणाला, "उकळतो ना परत!" उकळीने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने आधीच सोडलेलं विष त्या उकळीला दाद देत नाही. हे मी त्याला सांगितलं, मालकांना सांगायचं राहिलं. आठवड्याभरात तिथे जेवलेल्या पाहुण्यांना उलट्या झाल्या. कारण रस्साच होता का, हे कोणी तपासलं नाही. पण ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तेव्हापासून आम्ही पसरट ट्रे सोबतच नेतो. उरलेलं त्यात पातळ थराने ओतायचं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

सर्वांत अवघड गोष्ट अजून जमलेली नाही. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास कामगाराने अन्नाला हात लावू नये, असं आम्ही शिकवतो. पण खाडा म्हणजे पगार कट. पोट धरून उभा राहणारा माणूस खोटं का बोलतो, ते कोणत्या स्लाइडवर लिहायचं? आजारपणाची भरपगारी रजा कबूल केल्याशिवाय काम घ्यायचं नाही, असं ठरवलं आणि कामं घटली. दोनदा आम्हीच तो नियम मोडला, कारण आमच्याही माणसांचे पगार होते.

परीक्षा मात्र बंद केल्या. आता महिन्याला किती साबण संपला, ते वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात एका मालकांचा तक्रारीचा फोन आला. साबण दुपटीने लागतोय, पोरं घरी नेतात की काय? मी म्हटलं, या वेळी कपाटाला कुलूप लावू नका, आम्ही येऊन बघतो.