तुम्ही विचारलंत म्हणून : व्हिडिओ केला, आता कसब वाचलं का?

कारागिरीबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. घरातले किंवा ओळखीचे कारागीर पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, त्यांच्या कामाचं चित्रीकरण करून ठेवलंय, तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. हात कसा चालतो ते चित्रीकरणात दिसतं, तो नेमका कुठे आणि का थांबतो ते दिसत नाही. ते बाहेर येतं शिकणारा चुकला की. म्हणून शिकाऊ माणसाच्या हातात काम द्या, वस्तादांना शेजारी बसवा आणि कॅमेरा चालू ठेवा. रंधा कसा मारायचा असं विचारलं तर "असा" म्हणून ते मारून दाखवतील. पण शिकाऊ पोराने रंधा हातात घेतला की लगेच बोलतील, "आवाज ऐक, लाकडाची रेषा उलटी आहे, फळी फिरव, नाहीतर चिरफळ्या उडतील. सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा, टोकाला पोचताना मागच्या, नाहीतर फळीच्या कडा उतरतील." हे टिपून ठेवायचं आहे.

त्यांचं स्वतःचं काम टिपताना कॅमेरा खांद्यामागून लावा. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि शिकणारा गोंधळतो. माणूस उजवा असेल तर उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. वर संगीत अजिबात घालू नका. "जरा सावकाश करा" असंही सांगू नका, कारण हळू मारलेला घाव हा वेगळाच घाव असतो. सेकंदाला 120 फ्रेम घ्या आणि 30 ने दाखवा, गती आपोआप चौपट कमी होते. प्रश्न कामाच्या मध्ये नकोत. दुसऱ्या दिवशी तेच चित्रीकरण आवाज बंद करून त्यांना दाखवा आणि "हे झालं, हे तुम्हाला कशावरून कळलं?" एवढं विचारत त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा.

सहसा कुणी करत नाही, पण फार मोलाचं काम म्हणजे एकाच वस्तूचे पाच-सहा नग सुरू करून प्रत्येक टप्प्यावर एकेक अर्धवट सोडून देणं. असा नग हातात घेता येतो, मोजता येतो. हत्यारं मात्र घासूनपुसून ठेवू नका. मुठीची झीज पकड सांगते. त्यांचा आकार कागदावर गिरवा, धारेचा कोन आणि वजन लिहा. घरीच बनवलेली ओबडधोबड हत्यारं आधी उचला, भंगारात पहिली तीच जातात.

आणि शिकणाऱ्याला खरं काम मिळायला हवं. जपानमधलं इसे देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं 2013 साली. तरुण सुतारांचा हात जुन्यांच्या नजरेखाली तिथे बसतो.

टिपायला सुरुवात वस्तादांच्या सर्वांत नाजूक कामापासून करा. वयाबरोबर नजर आणि हाताची स्थिरता आधी जाते. जड कामात नुसतं तोंडाने सांगूनही पुष्कळ भागतं.