इतिहासाच्या खोलीतला साहेब

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा शाळेबद्दल बरंच काही लिहायचं असं ठरवलं होतं. प्रार्थना, मैदान, स्नेहसंमेलन. लिहायला बसलो तर इतिहासाचे सर सोडून कुणी पुढे यायलाच तयार नाही. त्यांचं नाव लिहीत नाही, या अंकात ते पानोपानी येणारच आहे.

इतिहासाच्या खोलीत फळ्याच्या डाव्या हाताला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची छापील तसबीर होती, हे आमच्या आगेमागे शिकलेल्यांना आठवत असेल. शिवाजी महाराज आणि टिळकांच्या ओळीत हा साहेब कसा, हा प्रश्न प्रत्येक तुकडीला पडायचा. आमच्या वर्गातल्या एकाने पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी सफाई चालू असताना तसबिरीचं तोंड सरळ भिंतीकडे फिरवून टाकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सर आत आले.

वाटलं, आता छड्या. सर म्हणाले, "फोटो फिरवून राज्य परत मिळतं होय रे? आण तो इकडे." त्यांनी तसबीर टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे पकडीने काढले, पुठ्ठा बाजूला केला आणि कागद अलगद बाहेर काढला. खिशातून भिंग काढून ज्याने हा पराक्रम केला होता त्याच्याच हातात दिलं. "बघ आणि सांग, काय दिसतं?"

मग आम्ही सगळेच ओणवलो. चेहरा असा नव्हताच तिथे, होत्या त्या रेघा. गालावर बारीक, किंचित वाकलेल्या. कोटावर त्याच रेघा एकमेकींना छेदत दाट झालेल्या. नाकाच्या शेंड्यावर तर रेघच नाही, नुसता कोरा कागद. तिथेच उजेड पडल्यासारखा वाटायचा. सरांनी आमचं पाठ्यपुस्तक उघडून त्यातल्या चित्रावर भिंग धरलं, तर तिथे नुसते ठिपके. तसबिरीतली प्रत्येक रेघ माणसाने धातूच्या पत्र्यावर हाताने कोरलेली, पुस्तकातला ठिपका मात्र कॅमेऱ्याने जाळीतून पाडलेला. चित्राभोवती चौकोनी दाब उमटला होता, तो त्या पत्र्याच्या कडांचा. सरांनी त्यावरून बोट फिरवायला लावलं. खाली मुंगीएवढी अक्षरं होती : डावीकडे मूळ चित्र काढणारा, उजवीकडे कोरणारा, मधे प्रकाशक आणि लंडन. "लंडनला छापलंय. म्हणजे गिऱ्हाईक कोण? आपण नव्हे. तिकडच्या दिवाणखान्यासाठी केलेला चेहरा आहे हा. त्यावर फार विश्वास ठेवू नका, पण वाचायला शिका."

त्या तासाला (खरं तर तासही नव्हता, सफाईच चालली होती) सरांनी जे सांगितलं ते मला अजून सलग आठवतं. हा माणूस 1811 पासून पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील. 5 नोव्हेंबर 1817 ला पेशवे आणि इंग्रजांत खडकीची लढाई झाली, पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचे घोडेस्वार चालून गेले, पेशव्यांकडचे मोर दीक्षित पडले. त्याच दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे याची कचेरी-निवास, जळली, साहेबाची पुस्तकं आणि कागदपत्रं त्यात गेली. "बरं झालं," मागून कुणीतरी म्हणालं. सर हसले आणि पुढे गेले. 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत तिच्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली ती यानेच. सगळ्यात रंगवून सांगितला तो तंबूतला प्रसंग. कोपऱ्यात मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने विचारलं, ही कशाला? एल्फिन्स्टन म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला. आपल्यासाठी मात्र ही युरोपला परत जायची वाट आहे. म्हणजे लोक शिकले की आपलं राज्य जाणार. सर थांबले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि तरी पुस्तकं छापली. आता ठरवा, टांगायचा का उतरवायचा." तासभर भांडण झालं. निकाल लागला नाही. साहेब परत खिळ्याला लागला, ह्या खेपेस तोंड वर्गाकडे.

असे सर आता कुठे मिळणार? हल्ली भाच्याच्या शाळेत पडद्यावर चित्र येतं आणि पुढच्या मिनिटाला जातं. त्यावर भिंग धरणार कसं? असो, हा माझ्या वयाचा दोष असेल.

माझं पुढे छपाईतच बस्तान बसलं. पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्राच्या छापखान्यात कंपोझिंगपासून, म्हणजे खिळे जुळवण्यापासून, सुरुवात केली, आज चाररंगी ऑफसेट यंत्रं आहेत, मुलगी प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधीची तयारी, सांभाळते, दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्रपाळी चुकत नाही. प्रूफ हातात आलं की आधी भिंग लावतो, मजकूर नंतर. नवीन पोरं हसतात. मुंबईला टाउन हॉलमध्ये कागदाच्या कामाने गेलो तेव्हा चँट्री या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला एल्फिन्स्टनचा पुतळा पाहिला. संगमरवरी, उंच, देखणा. पण आमच्या खोलीतल्या त्या नाकाच्या शेंड्याची सर त्याला नाही.

नवी इमारत झाली तेव्हा तसबीर माळ्यावर गेली असं ऐकलं. कुठे आहे हे सध्याच्या कुणाला सांगता आलं नाही. अडगळीत सापडली तर स्मरणिका समितीने मला नुसता फोन करावा. काच बदलणं, आम्लविरहित पुठ्ठा घालणं, मोठ्या आकारात स्कॅन करून प्रत काढणं, सगळं माझ्याकडे लागलं, पैशाची बात नको. फक्त तोवर कुणी हौसेने लॅमिनेशन करू नका. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की तो कागद पुन्हा सोडवता येत नाही, आणि पत्र्याचा तो दाबही बोटाला लागणार नाही.