टर्बो फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल: खरेदी आणि पहिला मोसम

अमेरिकेतील मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलामधील लांब पल्ल्याच्या ट्रेलसाठी मी स्की-डू कंपनीचे रेनेगेड हे स्नोमोबाइल (बर्फावर चालणारे वाहन), ९०० एस टर्बो इंजिन आणि १३७ इंची ट्रॅकसह (यंत्राला पुढे ढकलणारा रबरी पट्टा) घेतले. आधीचे मॉडेल वर्ष असलेले, पण न वापरलेले यंत्र विक्रेत्याकडे शिल्लक होते. तिथे रंग आणि सस्पेन्शन निवडण्याची मुभा वसंतातल्या आगाऊ नोंदणीइतकी नसली, तरी किमतीतला फरक विचारात घेण्याजोगा होता.

रोटॅक्सचे तीन सिलिंडरचे, ८९९ सीसीचे हे इंजिन टर्बोविना ९५ अश्वशक्ती देते. त्याच घनफळाचे टर्बो इंजिन २०१९ च्या मॉडेलमध्ये १५० अश्वशक्तीसह आले आणि २०२२ मध्ये १८० अश्वशक्तीचे टर्बो आर आले. मी १५० वर थांबलो, कारण झाडीतून वळणामागून वळण घेत जाणाऱ्या वाटेवर ती शेवटची ३० अश्वशक्ती क्वचितच कामी येते. तेच पैसे चांगल्या शॉकमध्ये घातले तर दिवसभर उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहाच्या ९९८ सीसी साइडवाइंडरचाही मी गंभीरपणे विचार केला होता. परंतु २०२५ च्या मॉडेलनंतर उत्तर अमेरिकेतील स्नोमोबाइल व्यवसाय थांबवण्याचे त्या कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केले असल्याने, दहा वर्षे वापरायच्या यंत्रासाठी तो पर्याय मी बाजूला ठेवला.

टू-स्ट्रोक हलके असते आणि खोल, मोकळ्या बर्फात त्याला तोड नाही, हे मान्यच आहे. ट्रेलवर मात्र फोर-स्ट्रोकचा शांतपणा, धुराचा अभाव आणि वेगळे तेल भरत न बसण्याची सोय संध्याकाळपर्यंत अंगाला जाणवते. शिवाय उणे २० अंश सेल्सिअसची हवा अधिक २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के घन असते, त्यामुळे थंडीत इंजिन विशेष खुललेले वाटते. इंधन मात्र ९१ ऑक्टेनचेच भरतो, कारण टर्बोच्या दाबाखालच्या सिलिंडरमध्ये नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा, धोका अधिक असतो.

या मोसमात सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते उष्णतेबद्दल. या यंत्रांना मोटारीसारखा पुढे बसवलेला मोठा रेडिएटर नसतो. कूलंट बोगद्याच्या (ट्रॅक ज्यात फिरतो त्या, सीटखालच्या पोकळ भागाच्या) छताशी असलेल्या हीट एक्स्चेंजरमधून फिरते आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यावर आपटून वितळतो, तेव्हाच ते थंड होते. अप्पर पेनिन्सुलातल्याच किविनॉ द्वीपकल्पावर सुपीरियर सरोवरामुळे अमाप बर्फ पडतो. १९७८–७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच बर्फाची नोंद झाली होती. पण २०२३–२४ सारखा कोरडा हिवाळाही याच प्रदेशाने पाहिला आहे. तिथल्या हॉटन शहराच्या दक्षिणेला, जुन्या रेल्वेमार्गावरून जाणाऱ्या बिल निकोल्स ट्रेलवर एका सकाळी पृष्ठभाग काचेसारखा गोठलेला होता आणि तापमानाचा काटा हळूहळू पण न थांबता वर चढू लागला. मी दोन्ही स्क्रॅचर (बर्फ खरवडणारे दांडे) खाली सोडले. त्यांच्या पोलादी टोकांनी खरवडलेला बर्फाचा भुगा बोगद्यात उडू लागला आणि थोड्याच अंतरात काटा पूर्ववत जागी आला. थांबून, ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या सस्पेन्शनच्या रुळांखालचे हायफॅक्स पाहिले, तर त्यांच्या कडा स्वच्छ होत्या. या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो आणि तो न मिळाल्यास त्या वितळू लागतात. आता बर्फ कडक दिसला, की काटा हलण्याची वाट न पाहता मी स्क्रॅचर सोडतो. यंत्र मागे घेण्यापूर्वी ते वर अडकवणे आवश्यक आहे, अन्यथा ते वाकण्याची शक्यता असते.

दुसरा विषय यंत्राच्या नाकावरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या वजनाचा. जड इंजिनामुळे वळणात हँडल भारी लागत होते. मधल्या शॉकच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) थोडा वाढवल्यावर स्कींवरचा दाब कमी झाला आणि खांद्यांवरचा ताणही उतरला. एका वेळी एकच बदल करून तोच रस्ता पुन्हा चालवून पाहावा, म्हणजे परिणाम कशाचा हे नीट कळते.

बेल्टची व्यवस्था आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरसारखीच आहे. पुढची पुली आवळत जाते, मागची उघडत जाते. दिवसाची सुरुवात सावकाश करून बेल्ट ऊबदार होऊ द्यावा, मगच पूर्ण थ्रॉटल द्यावे. जोरात चालवल्यानंतर लगेच इंजिन बंद न करता थोडा वेळ आयडलवर ठेवतो, जेणेकरून टर्बोच्या बेअरिंगमधले तेल फिरत राहून उष्णता बाहेर नेते. या इंजिनाला दोरी ओढून चालू करण्याची सोय नाही, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवणारा चार्जर) लावणे हा माझ्यासाठी नियमच झाला आहे. गॅरेजमध्ये केवळ आवाज ऐकण्यासाठी दोन मिनिटे इंजिन चालवणे मी टाळतो. थंड इंजिनात तेलात इंधन आणि पाणी मिसळते आणि पूर्ण तापल्याखेरीज ते उडून जात नाही.

मोसम संपल्यावर तेल बदलले, टाकीत स्टॅबिलायझर घातले आणि ट्रॅकचा ताण तपासला. स्कींच्या तळाचे कार्बाइड रनर (बर्फात रुतून वळायला मदत करणाऱ्या कठीण पट्ट्या) मधोमध झिजले आहेत, ते डिसेंबरपूर्वी बदलायचे आहेत. ट्रॅकला स्टड (पकडीसाठीचे धातूचे खिळे) लावावेत की नाही, हे अजून ठरलेले नाही; गोठलेल्या वळणांवर ते हवेसे वाटतात, पण मागची पकड वाढली की पुढचे टोक वळणाबाहेर ढकलले जाते, म्हणून आधी नवे, अधिक आक्रमक कार्बाइड लावून पाहणार आहे.