डिस्नेलँडची नाताळातली तिकिटं: माझा अनुभव

नाताळच्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या. तिकीट वेगळं आणि त्या दिवसाचं रिझर्व्हेशन वेगळं. तीन वर्षांपुढच्या प्रत्येकाला दोन्ही लागतं. तिकिटाचे पैसे भरले, कोड हातात आला, म्हणजे झालं असं नाही.

आमची सगळी तयारी सुरळीत झाली होती. आईबाबा मिरजेहून आले होते, मुलांना सुट्टी होती, नवऱ्याची रजा मंजूर होती आणि हॉटेल ऑगस्टमध्येच घेऊन ठेवलं होतं. २६ डिसेंबरला डिस्नेलँड आणि २७ ला शेजारचा कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हा पार्क, असं ठरलं. तिकिटं मात्र पार्कच्या साइटवर न घेता दुसऱ्या एका प्रवासी साइटवर घेतली. तिथे थोडी स्वस्त होती आणि सहा जणांचा हिशेब केला तर फरक बऱ्यापैकी पडत होता. ‘तिकिटं लगेच ईमेलवर मिळतील’ असं त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तीन आली. माझं, नवऱ्याचं आणि धाकट्याचं. आईचं, बाबांचं आणि लेकीचं आलंच नाही. दहा वर्षांपासून मोठ्यांचं तिकीट लागतं, म्हणून लेकीचं आजीआजोबांच्या गटात गेलं होतं. त्या तिघांच्या नावापुढे नुसतं ‘प्रक्रिया सुरू आहे’. पैसे मात्र सहाही जणांचे कार्डावरून गेलेले.

आता घोळ कसा होतो ते सांगते. पार्कच्या साइटवर तिकीट घेताना तारीखही तिथल्या तिथे निवडता येते आणि रिझर्व्हेशन होऊन जातं. दुसरीकडून घेतलं की आधी कोड यावा लागतो, तो डिस्नेलँडच्या अ‍ॅपमध्ये एकेकाच्या नावावर जोडावा लागतो, मग कुठे त्या माणसासाठी कॅलेंडर उघडतं. म्हणजे आम्हा तिघांना २६ तारीख मोकळी दिसत होती आणि बाकीच्या तिघांना ती मागायचीही सोय नव्हती. थांबावं तर आमचीही जागा जाईल, घ्यावी तर घर दोन भागांत वाटलं जाईल. शेवटी आमच्या तिघांची घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर डिस्नेलँडसाठी २६ तारीख बंद झालेली.

मग फोन सुरू झाले. पोळ्या लाटता लाटता ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवायचा आणि तीच तीच धून ऐकत बसायचं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी ऑर्डर नंबर पहिल्यापासून सांगायचा. एकाने सांगितलं, चोवीस तास लागतात. दुसऱ्याने सांगितलं, सणामुळे उशीर होतोय. तिसरा म्हणाला, ‘तुमची तिकिटं वैध आहेत, गेटवर गेल्यावर सांगा, ते आत सोडतील.’ मी म्हटलं, हेच वाक्य मला ईमेलवर पाठवा. ते जमणार नाही म्हणाला. तेव्हा कळलं की रिझर्व्हेशन हा प्रकार त्याच्या गावीही नाही. मी खरोखर संतापले. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना घेऊन पाचशे ऐंशी किलोमीटर जायचं आणि गेटवर हुज्जत घालायची, हा कसला सल्ला?

बाबा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, ‘अगं, आम्ही दोघं हॉटेलवर बसू. तुम्ही पोरांना घेऊन जाऊन या.’ ते ऐकून माझ्या पोटात तुटलं. ही सहल त्यांच्यासाठीच तर ठरवली होती.

कोड अखेर एका रात्री उशिरा आले, कसलं स्पष्टीकरण नाही, दिलगिरी नाही. लगेच जोडले. २७ मिळाली, पण २६ बंदच. इथे एक उपयोगाचं सांगते: नाताळच्या आधी बेत बदलणारे लोक खूप असतात आणि त्यांनी सोडलेल्या जागा कॅलेंडरवर परत येतात. म्हणून पुन्हा पुन्हा बघत राहायचं. मी सकाळी चहा ठेवला की अ‍ॅप उघडायची. एका पहाटे २६ तारीख उघडी दिसली. आधण तसंच गॅसवर ठेवून तिघांच्या नावांवर टिक केलं आणि बटण दाबलं. सहाही नावं एकाखाली एक दिसली तेव्हा मी आईला झोपेतून उठवून सांगितलं. कुणाच्या मदतीशिवाय हे जमवलं याचा मला आजही अभिमान आहे.

तेव्हा तिकिटं थेट पार्ककडूनच घ्या. पैसे वाचवायचे तर दिवसांचा हिशेब बघा. एका दिवसाच्या तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो: सगळ्यात कमी १०४ डॉलर आणि नाताळच्या गर्दीत दोनशेच्या वर. दोन किंवा जास्त दिवसांचं घेतलं की दर दिवशी कमी पडतं.

आतला दिवस उत्तम गेला. गर्दी प्रचंड असते, म्हणून गेट उघडायच्या आधी पोचा. धाकट्याची उंची घरीच मोजून न्या, स्पेस माउंटन या राइडला १०२ सेंटिमीटर लागते आणि मॅटरहॉर्नला १०७. मूल बसत नसेल तर ‘रायडर स्विच’ मागा. एक पालक मुलाजवळ थांबतो आणि नंतर त्याला पुन्हा रांग न लावता बसता येतं. ‘स्मॉल वर्ल्ड’ या राइडला नाताळची वेगळी सजावट असते, तिथे अंधार पडताना जा, दर्शनी भागावरचे दिवे तेव्हाच खुलतात.

बाबा निवृत्त रेल्वेवाले. त्यांना सगळ्यात आवडली ती पार्कभोवती फिरणारी आगगाडी, कारण तिला खरीखुरी वाफेची इंजिनं आहेत. पार्क १९५५ मध्ये उघडला तेव्हापासून ही गाडी धावते. न्यू ऑर्लीन्स स्क्वेअरच्या स्टेशनावर इंजिन पाणी घ्यायला थांबलं, तसे बाबा फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. रुळांकडे बघून म्हणाले, ‘आपल्या बार्शी लाइटपेक्षा रुंद आहे.’ खरंच आहे ते, बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटांचा होता आणि हा तीन फुटांचा. धाकट्याला मांडीवर घेऊन त्यांनी पूर्ण फेरी मारली, उतरले आणि पुन्हा रांगेत लागले.

हो, जेवणाचं राहिलंच. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. आईने लोणच्याची बरणी घेतली होती, ती मी हॉटेलवरच डबीत रिकामी केली. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी दुपारी फार कामाला आली, कारण त्या वेळी खाण्याच्या प्रत्येक ठिकाणी रांग होती. ज्येष्ठांना चालणं झेपत नसेल तर प्रवेशद्वाराजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, सकाळीच घ्या. रात्री चांगलाच गारठा पडतो, शाल आणि कानटोपी पिशवीत हवीच. आतिषबाजीच्या शेवटी पार्कातल्या मेन स्ट्रीटवर खोटा बर्फ पडतो, त्यासाठी मुलांना जागं ठेवाच.

आमच्यासारखं बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, गाडीने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आय-५ महामार्गावरच्या ग्रेपवाइन घाटाची स्थिती बघून घ्यावी, हिवाळ्यात बर्फ पडला तर तो बंद करतात. आणि त्या प्रवासी साइटवर मी उशिराची लेखी तक्रार टाकली आहे. उत्तर अजून आलेलं नाही, ईमेल आणि स्क्रीनशॉट सगळे जपून ठेवले आहेत.