डोंगररस्त्यात स्टार्टर गेला, तरी प्रवास पुरा झाला

स्टार्टर गेला म्हणून जुनी गाडी लगेच टोइंगच्या ट्रकवर चढवतात, ते पाहून वाईट वाटतं. स्टार्टर म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी विजेची मोटर; इंजिन एकदा चालू झालं की तिचं काम संपतं. गाडी मॅन्युअल गिअरची आणि कार्ब्युरेटरची असेल, बॅटरी धड असेल, तर स्टार्टरशिवाय मोठा पल्ला गाठता येतो. ताई आणि मी तो गाठला. गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची, बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचा डायनॅमो असलेली.

लांब चढ चढून माथ्यावर थांबलो होतो. इंजिन चांगलंच तापलेलं. निघताना चावी फिरवली तर बॉनेटखाली एकच ‘टक्’, आणि पुढे काही नाही.

अशा वेळी पाने काढण्याआधी कान द्यावा. भराभर ‘टकटकटक’ येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं असतं. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक (पिनियन) पुढे सरकवणारी यंत्रणा, इंजिनाच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दात्यांना धरत नाही. एकच ‘टक्’ आला तर मात्र शक्यता बऱ्याच, आणि त्या वेगळ्या करायला हेडलाइट उपयोगी पडतो.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. “ताई, हेडलाइट लाव आणि चावी फिरवून धर,” म्हणून मी बाजूला उभा राहिलो. “उजेड आहे तसाच आहे का रे?” तिने विचारलं. तसाच होता, जराही मंदावला नाही. म्हणजे मोटर करंट ओढतच नव्हती. उजेड एकदम मेला असता तर बॅटरी, तिची जोडणी किंवा दात्यांत अडकलेला पिनियन यांच्यावर संशय गेला असता. पिनियन अडकला असेल तर इग्निशन बंद करून, टॉप गिअर टाकून गाडी हातांनी मागेपुढे हलवावी, बऱ्याचदा सुटतो. जुन्या इनर्शिया प्रकारच्या (मोटर फिरण्याच्या झटक्यानेच पिनियन सरकतो अशा) अनेक स्टार्टरच्या मागच्या टोकाला, टोपणाखाली, चौकोनी शाफ्ट असतो. तो पान्याने फिरवला तरी काम होतं.

मग मल्टिमीटर काढला. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. आमची १२.५ होती. चावी धरून स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर मोजलं, तिथेही जवळजवळ तेवढेच व्होल्ट. म्हणजे सोलेनॉइड, मोटरला वीज जोडणारा विजेवरचा स्विच, वीज पुढे सोडत होता. राहिलं अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे वीज परतण्याची वाट: बॅटरीचं अर्थ टर्मिनल आणि स्टार्टरची बॉडी यांच्यामध्ये चावी धरून मोजलं तर काहीच फरक नाही. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटर करंट ओढत नसेल तर खराब अर्थही या चाचणीत चांगला दिसतो. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामधली पट्टी डोळ्यांनी पाहून, बोल्ट आवळून खात्री केली. आता दोष मोटरच्या आतच होता, आणि आत सगळ्यात आधी झिजतात ते कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे.

स्टार्टरच्या बॉडीवर लाकडी दांड्याने बेताने ठोकलं आणि त्याच वेळी ताईने चावी फिरवली. गाडी चालू झाली. झिजलेला ब्रश धक्क्याने कम्युटेटरला (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकतो, एवढाच त्याचा अर्थ. हा दिलासा तात्पुरता आहे. पुढच्या थांब्यावर ठोकून उपयोग झाला नाही.

तिथून पुढचा प्रवास उतार शोधत केला, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते याबद्दल. थांबायची जागा आधी ठरवा. उतार सरळ हवा, पुढे मोकळा हवा, वळण किंवा चौक जवळ नको. गाडी लावताना चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. निघताना चावी पूर्ण ‘ऑन’ करा, नाहीतर स्टिअरिंग लॉक बसू शकतं. दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला; गाडीने भरभर चालण्याएवढा वेग घेतला की क्लच झटकन सोडा आणि इंजिन पेटताच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये गाडी जोराचा गचका खाते, चाकं घसरतात. गरम इंजिनाला चोक देऊ नका. सर्वो ब्रेक (इंजिनाच्या मदतीने हलका लागणारा) असेल तर इंजिन चालू होईपर्यंत पेडल कडक लागतं, त्याची तयारी ठेवा. सपाटीवर धक्का मारणाऱ्यांनी जाड पत्र्यावर हात ठेवावेत, दिव्यांवर किंवा क्रोमवर नाही. दुसऱ्या गाडीने दोर बांधून ओढत चालू करणं मी टाळतो. इंजिन पेटलं की मागची गाडी पुढचीवर जाते.

बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर डायनॅमोची गाडी धक्क्यावर चालू व्हायची थोडी तरी आशा असते, कारण त्याच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व असतं. त्याच्या जागी नंतर आलेल्या अल्टरनेटरला सहसा आधी बॅटरीतून करंट लागतो. पण डायनॅमो मंद गतीत चार्ज करत नाही, म्हणून गाडी नुसती आयडलवर ठेवून बॅटरी भरेल असं समजू नका. जंप केबल लावणार असाल तर आधी पोलॅरिटी पाहा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडा आणि दोन्ही गाड्यांच्या बॉड्या एकमेकींना टेकू देऊ नका.

इंजिन हाताने फिरवायच्या हँडलची सोय असेल तर ती उत्तमच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, तरी पुढे कित्येक दशकं गाड्यांना हँडल मिळत राहिलं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं.

पुढच्या गावात एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मोटर उघडली. ब्रश स्प्रिंगच्या जोराखाली टेकण्याइतकेही उरले नव्हते. काही मोटरमध्ये फील्ड कॉइल (बॉडीतली स्थिर गुंडाळी) अॅल्युमिनियमची असते, तिच्यावर डाग (सोल्डर) धरत नाही. म्हणून जुन्या ब्रशची तांब्याची शेपटी थोडी राखून तिला नवा ब्रश डागतात. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ केला. डायनॅमोत पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरतात, तसा स्टार्टरमध्ये कोरायचा नसतो, हे काम करणाऱ्याला आधी सांगा. बेंडिक्सला तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका. क्लचची धूळ चिकटून तो अडकतो. रॉकेलने धुऊन कोरडा ठेवावा.

गरम असतानाच दोष का दिसला? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ८० अंश तापमानवाढीला जवळपास ३१ टक्के. थंडीत जेमतेम निभावणारा ब्रश एक्झॉस्टजवळ तापलेल्या मोटरमध्ये हार मानतो. म्हणून गरम इंजिनवर स्टार्टर जड चालू लागला की निघण्याआधी ब्रश बघून घ्या. नव्या ब्रशचा जोड, मल्टिमीटर आणि जाड जंप केबल आता कायम डिकीत असतात. कमी करंटवर चालणारा गिअर रिडक्शन स्टार्टर (मोटरचा वेग गिअरने कमी करून जोर वाढवणारा) मिळतो, पण लांबच्या वाटेवर मला जुनाच हवा, कारण तो कुठेही उघडून दुरुस्त करता येतो.