नऊ एकांचा वर्ग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि आठवले ते गणिताचे सर. कोणते सर, हे आपल्याला सांगायला नको. इतर गुरुजनांविषयीही आदर आहेच, पण लिहायला बसले की हात सरांकडेच वळतो.

आठवी ब. धो धो पाऊस, भूगोलाच्या बाई रजेवर, म्हणून ऑफ तास. सर आले ते थेट फळ्याकडे. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१. मग नऊ एक शेजारी शेजारी मांडले आणि मला उभे केले. गुणाकारात प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभी बेरीज नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. संख्या उलटीकडून वाचली तरी तीच!

"आता हिची जातकुळी काढा," सर म्हणाले. पूर्ण वर्ग तर होतीच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून हर्षद संख्या. नऊ एकांचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली शेवटची मूळ संख्या आहे, हे सरांनीच सांगितले. त्यावरून वर्गाचे विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम का, तर बाकीच्यांची जोडी लागते, वर्गमूळ तेवढे एकटे राहते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दहा एक घेतले तर?" सरांनी खडू त्याच्याच हाती दिला. मधली बेरीज दहा झाली आणि हातचा डावीकडे सरकत गेला: दहाचे शून्य, नवाचेही शून्य, आठाचे नऊ. १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला, पण सरांचा चेहरा काय खुलला होता!

अशा संख्यांना गणिती कापरेकरांनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनावरून 'डेम्लो संख्या' म्हटले, हेही त्याच तासाला कळले. डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर म्हणजे सरांचे दैवत. सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी ६१७४ येते; त्यांच्या या संख्येवर १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, हे सांगताना सर म्हणायचे, "शाळामास्तर होते, आमच्यासारखे."

आज मी विमा कंपनीत जोखमीची गणिते मांडते. नव्या मुलांना सूत्र माहीत असते. ते कुठे मोडेल, हे विचारायची सवय मला सरांनी लावली. मध्यंतरी शाळेत येऊन गेले. स्मार्ट बोर्ड छान आहेत, पण ऑफ तासाला आता सराव चाचणी असते, याचे फार वाईट वाटले.

माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे, आठवीला आठवड्यातून एक तास असा मोकळा द्यावा. शनिवारी सकाळची शाळा असेल तर शिकवायला मी येईन. खडू-फळ्याची खोली तेवढी हवी.